वरची कवळी तिकोण्याला, खालची वराळ्याला

तिकोणा पेठ
१४ जून

सरू,

पत्र बघून घाबरू नको. कुणी गेल्यालं न्हाई. माझे दात गेलेत, म्हणून लिहितोय.

परवा तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळेला तू "गॅस कालच आला" म्हणून ठेवून दिलास. दात नसल्यावर माझं बोलणं मलाच कळंना, तुला काय कळणार. म्हणून पोस्टातनं पाकिटं आणली.

झालं असं की चैत्राच्या यात्रेनंतर पवना धरणाच्या कडंला सरकारचं शिबिर लागलं. ज्येष्ठ सुहास्य योजना. पासष्टीच्या वरच्या सगळ्यांना फुकटात कवळी. माझे नऊ दात शिल्लक व्हते, त्यातले पाच हलत व्हते. डॉक्टर म्हणला, आबा, पुरी कवळी बसवायची तर चार चांगले बी काढावे लागतील. मी म्हणलं काढा. दोन सकाळींत नऊच्या नऊ काढले आन पावती दिली. गेल्या आठवड्यात वरची कवळी मिळाली. खालची दुसऱ्या टप्प्यात, पंधरा दिवसांत.

वरची एकटी घातली की बोलताना तोंडात कुणी टाळ्या वाजवल्यागत व्हतं. पन पंधरा दिवसांचाच प्रश्न हाय. पुढच्या चैत्राला शर्यतीच्या घाटावर माईक माझ्याच हातात असणार. चाळीस वर्षं बैलगाड्यांच्या शर्यती सांगतोय, कुठला गाडा किती सेकंदात आला हे माझ्या तोंडून ऐकल्याबिगर गाडामालक मानत न्हाईत. आता पुऱ्या बत्तीस दातांनी सांगीन.

तुझ्याकडं सोमाटण्याला शिबिर लागलं तर जाऊन ये. लाजू नको.

तुझा दादा,
हौशीराम


वराळे
२५ जून

दादा,

तुला गॅसवाला समजले हे खरं. पण तुलाही माझं "कोण बोलतंय" हे कळलं नसणार, कारण मलाही दात नव्हते. सोमाटण्याच्या शिबिरात मी मागच्याच महिन्यात जाऊन आले. तुला सांगितलं नाही, तू हसला असतास म्हणून. आता तूही त्याच पंगतीत बसलास, तेव्हा सांगायला हरकत नाही.

माझे सहा होते, सगळे काढले. मला मात्र खालची कवळी दिली. मी विचारलं वरची कुठं आहे, तर म्हणाले तुमच्या बाजूला खालच्यांचा टेम्पो आला, धरणाच्या बाजूला वरच्यांचा गेला, दुसऱ्या टप्प्यात टेम्पोंची अदलाबदल होईल.

वीस वर्षं बालवाडीत मुलांना दात घासायला शिकवलं आणि आता माझे पेल्यात ठेवून झोपते. सूनबाई राजेश्वरी चांगली आहे, मला भाकरी दुधात कुस्करून देते. मी एकटीच आधी जेवून घेते, कारण खालची कवळी खाताना वाजते आणि सातव्या मजल्यावर घर असूनही खालच्यांना ऐकू जाईल असं मला वाटतं.

ओंकार रोज टीव्ही लावून बसतो. म्हणतो, सरकार हललंय. मी विचारलं, किती हललंय. म्हणाला, काढावंच लागेल.

सरू


तिकोणा पेठ
९ ऑगस्ट

सरू,

ओंकार म्हणला तसंच झालं. सरकार गेलं.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले तवा मी कचेरीत गेलतो. गेटावर योजनेचा मोठा फलक व्हता, दोन गडी तो उतरवत व्हते. आत अनघा मॅडम म्हणून नवी क्लार्क हाय, पोरगी सभ्य हाय. तिला म्हणलं माझी खालची कवळी. ती म्हणली, आबा, योजना बंद झाली. मी म्हणलं योजना बंद झाली आसंल, माझं तोंड उघडंच हाय की.

मग तिनं विचारलं कवळीची डबी कुटं हाय. मी दाखवली. डबीवर जुन्या साहेबांचा फोटू हाय, आन तसले सगळे फोटू जमा करायचा हुकूम आला व्हता. डबी घेतली, पोच दिली. दात राहू द्या म्हणली, दातावर फोटू न्हाई.

ओंकारचा निरोप पोचला, की मामा, खाजगी डॉक्टरकडं बसवून देतो. त्याला सांग, तुझं मन मोठं हाय, पन मी जाणार न्हाई. माझे चार चांगले दात सरकारनं काढलेत. सरकारनंच बसवायचे. कुठल्या सरकारनं, हे त्यांनी त्यांच्यात ठरवावं.

बाकी भात चांगलं हाय. दसऱ्यानंतर घाटावरच्या शर्यती सुरू व्हतील, माईकची काळजी करू नको.

हौशीराम


वराळे
२ नोव्हेंबर

दादा,

नवी योजना आली. वयोवैभव योजना. दोन्ही जबडे एकदम देणार आहेत. मी आनंदानं गेले, तर खिडकीतला माणूस माझं आधार कार्ड बघून म्हणाला, आजी, तुम्ही ज्येष्ठ नाही.

नव्या योजनेत ज्येष्ठ म्हणजे सत्तर पूर्ण. मी सदुसष्ट. त्यानं माझं जुनं ओळखपत्र परत घेतलं आणि वहीत लिहिलं, "ज्येष्ठत्व रद्द." मी म्हटलं, मग मी आता कोण? तो म्हणाला, सर्वसाधारण.

ही बातमी माझ्याआधी सोसायटीत पोचली. आमच्या बागेत ज्येष्ठांसाठी म्हणून दोन बाकडी आहेत. काल तिथं टेकले तर चौथ्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, ताई, नियम सगळ्यांना सारखा. मी उठले. आता मी मुलांच्या झोपाळ्याशेजारच्या कठड्यावर बसते.

ओंकारनं मलाही खाजगीचं विचारलं. मी नको म्हटलं. दादा थांबलाय तर मीही थांबते.

एक विचारायचं होतं. आमचे व्याही परवा आले होते. म्हणाले, दसऱ्यानंतर एका घाटावर तुझ्यामुळं भांडण झालं. तू मला लिहिलं होतंस, माईकची काळजी करू नको. खरं काय ते कळव.

सरू


तिकोणा पेठ
२० नोव्हेंबर

सरू,

व्याह्यांना दुसरं काम न्हाई.

खरं हाय. मी "बारा सेकंद सात" म्हणलो, तो सातचा पॉइंट कुणी साठ ऐकला, कुणी आठ ऐकला. तीन गाडामालक आपणच पहिला म्हणून गुलाल उधळायला लागले. मग घड्याळवाल्यानं कागद दाखवला तवा मिटलं. बक्षीस घेताना एक म्हणला, आबांना आता बसवा. त्यानं हळू म्हणलं, पन माईक चालू व्हता.

आपल्या यात्रा कमिटीचा बाजीराव घरी येऊन गेला. मला काय बोलला न्हाई, नुसता चहा पिऊन गेला. म्हणजे तो काय बोलायला आलता ते मला कळलं.

मी सत्तरीच्या पुढं हाय म्हणून नव्या योजनेचा अर्ज भरला. तितं दंतहीनतेचा दाखला लागतो. डॉक्टरनं तोंड बघितलं आन लिहिलं, "खालचा जबडा रिकामा, वरचा जबडा शासकीय." अनघा मॅडमनं कागद तीनदा वाचला. पूर्वी लाभ घेतलेला माणूस चालत न्हाई. मी म्हणलं, मी अर्धाच घेतलाय. ती म्हणली, आबा, अर्ध्या लाभार्थ्याचा रकानाच न्हाई.

आबा, म्हणजे आपले वडील, माईक नसताना खडकावर उभं राहून अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं सांगायचे. त्यांना शेवटपर्यंत दात व्हते. ह्या चैत्राला मी उभा राहिलो न्हाई, तर परत कुणी उभं करणार न्हाई. हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई.

हौशीराम


वराळे
८ डिसेंबर

दादा,

या पत्राबरोबर दूधवाल्या पवनच्या टेम्पोतून एक पेढ्याचा डबा पाठवते आहे. पेढे नाहीत. पाण्यात माझी खालची कवळी आहे. पवनला बजावलंय, डबा उघडायचा नाही आणि आडवा करायचा नाही.

मी आरशात पुष्कळ वेळ बघितलं. माझी हनुवटी आणि तुझी हनुवटी एकच आहे, आबांची. लहानपणी सगळे म्हणायचे, हौशीला परकर घातला की सरू होते. बसली तर बसली. थोडी सैल वाटली तर धुतलेलं मऊ फडकं लाव.

यात्रा होईपर्यंत ठेव.

सरू


तिकोणा पेठ
२६ जानेवारी

सरू,

बसली. पहिल्यांदा टोचली, मग अशी बसली की मी घरात मोठ्यानं "सेकंद सतरा" म्हणलो आन शेजारच्या श्रीपतीनं तिकडनं विचारलं, कुणाचा गाडा. श्रीपती म्हणजे पाखऱ्या बैलाचा मालक, तुला ठावं हाय. तो येऊन माझ्या तोंडाकडं बघत बसला. तुला लागत नव्हती ते बरं झालं, उगं पडून राहिली आसती.

आता पुढचं ऐक. आज झेंडावंदनाला साहेब लोक आले. नव्या योजनेचे फोटू काढायचे व्हते, पन दात अजून कुणालाच मिळाले नव्हते. तवा ते हसणारा म्हातारा हुडकत व्हते. साऱ्या गावात पुरे दात असलेला एकटा मीच निघालो. मला हार घातला, हसवलं, फोटू काढला. मग एका साहेबानं विचारलं, आबा, तुमचं नाव यादीत का न्हाई? मी खरं सांगितलं. वरची माझी, खालची बहिणीची.

साहेबानं हार काढून घेतला. दुपारी नोटीस आली. "दुसऱ्याच्या नावावरील जबडा वापरल्याबाबत खुलासा सात दिवसांत सादर करावा." तुला बी येईल. घाबरू नको.

हौशीराम


वराळे
४ फेब्रुवारी

दादा,

नोटीस आली. "स्वतःचा जबडा विनापरवाना दुसऱ्यास दिल्याबाबत." ती मी फ्रीजवर लावली आहे. नोटिशीचं मला काही वाटलं नाही.

तुझ्या पत्राचं वाटलं. माझे दात मला लागत नव्हते असं तू लिहिलंस. दादा, डिसेंबरपासून मी पेज खाते आहे. ओंकारच्या मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर तोंडाला पदर लावून बसले आणि डोकं दुखतंय म्हणाले. सासरी आल्यापासून मी तुझ्याकडं काही मागितलं नाही, आणि दिलेलं मोजलंही नाही. पण लागत नव्हतं म्हणून दिलं, असं समजू नकोस. लागत होतं म्हणूनच ते देणं झालं.

एवढंच.

सरू


तिकोणा पेठ
१९ मार्च

सरू,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी कवळी घातलेली न्हाई. कुठल्या तोंडानं घालू. उत्तर द्यायला दीड महिना लागला, कारण नुसतं चुकलो म्हणून लिहायचं मला पटंना. काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं.

अनघा मॅडमकडं जाऊन बसलो. तिनं दोन्ही योजनांचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाट काढली. माझी वरची कवळी मी तुझ्या नावावर बक्षीसपत्र करून द्यायची. मग माझ्या नावावर काहीच राहत न्हाई, म्हणजे मी पुरा दंतहीन, म्हणजे पात्र. आन तू आता ज्येष्ठच न्हाईस, तवा नव्या योजनेचा कुठलाच नियम तुला लागू न्हाई. तू दोन काय, चार जबडे ठेवलेस तरी सरकारला कर्तव्य न्हाई.

कचेरीत बक्षीसपत्राचा छापील नमुना जमिनीचाच व्हता. त्यात चतुःसीमा लिहाव्या लागतात. मॅडम म्हणली रकाना रिकामा ठेवला तर परत येईल. मग लिहिलं, पूर्वेस डावा गाल, पश्चिमेस उजवा गाल, उत्तरेस नाक, दक्षिणेस बहिणीची मालकी. शिक्का बसला. नोटिसाबी निकाली निघाल्या. दोन्ही कवळ्या पवनच्या टेम्पोतनं पाठवल्यात. तुझ्या हायेत. भाकरी खा.

आता माझं. माझी नवी पुरी कवळी आली. कचेरीच्या कपाटात हाय, डबीवर माझं नाव हाय, मी काचेतनं बघितली. पन निवडणूक लागली आन आचारसंहिता बसली. वाटप बंद. डबीवरच्या फोटूवर चिकटपट्टी लावलीय. मॅडम म्हणली, आता दात दिले तर मतावर परिणाम व्हतो. मी म्हणलं, पोरी, मत मी बोटानं देतो. ती हसली, पन कपाटाची किल्ली तिच्याकडं न्हाई.

यात्रा पंचवीस दिवसांवर हाय. माझ्या तोंडात एक दात न्हाई आन तुझ्या तोंडात पुरे हायेत. तुझ्या लग्नाआधी रोज पहाटं गोठ्यात मी बोलायचा सराव करायचो तवा समोर तू बसायचीस. मी अडलो की पुढचं तू सांगायचीस. आबा म्हणायचे, ही पोरगा आसती तर घाट गाजवला आसता. पोरगी व्हतीस, म्हणून तेवढंच म्हणायचे.

मी बाजीरावला सांगून टाकलंय की यंदा माईकवर सरू. त्यानं खिशातनं पेन काढलं. मग म्हणला, पत्रिकेत नाव काय छापू?

ये.

हौशीराम


तिकोणा पेठ
२२ एप्रिल

सरू,

तू स्टेजवर व्हतीस आन मी खाली निशाणाजवळ घड्याळवाल्याशेजारी. खाली काय चाललं ते तुला दिसलं नसंल, आन संध्याकाळी तू पाहुण्यांच्या गाडीतनं घाईनं गेलीस. म्हणून लिहितो.

पहिल्या दोन गाड्यांना तू बालवाडीची हजेरी घेतल्यागत बोललीस. गाडामालकाचं नाव, गाव, सेकंद, बसा खाली. माझ्या मागं दोघं हसले. बाजीरावनं माझ्याकडं बघितलं. मी चिठ्ठीवर सेकंद लिहून वर पाठवत व्हतो, दरवेळी आकडा दोनदा गिरवत व्हतो. मला वाटलं मी तुला फशी पाडलं.

मग ते निळ्या शर्टाचं पोरगं मोबाईल घेऊन दोरीच्या आत आलं आन तू माईकवरनं म्हणलीस, "निळ्या शर्टाच्या बाळा, तुझ्या आईनं तुला नऊ महिने वाढवलाय, गाडा तेरा सेकंदांत येतोय. दोरीच्या मागं हो." पोरगं मोबाईल खिशात घालून मागं झालं. तिथनं पुढं तू वेगळीच व्हतीस.

श्रीपतीचा पाखऱ्या सुटला तवा तू काय काय म्हणालीस ते तुझ्या ध्यानात नसंल. माझ्या शब्दन् शब्द ध्यानात हाय. त्यातलं अर्धं मी गोठ्यात म्हणायचो. उरलेलं अर्धं मी कधीच ऐकलेलं नव्हतं. श्रीपती गाड्यामागं पळायचं सोडून स्टेजकडं तोंड करून उभा राहिला.

तू बारा सेकंद सात म्हणलीस. सगळ्यांनी सातच ऐकलं.

मला आनंद झाला का, तर झाला. पन सरू, खोटं बोलणार न्हाई, त्या रात्री मला जेवण गेलं न्हाई. लोक घरी येऊन मला सांगत व्हते की तुझी बहीण काय बोलली, आन मला एक बी शब्द धड बोलता येईना की ते मी शिकवलंय. मग वाटलं, दात नव्हते तेच बरं, न्हाईतर तेवढं बोलून गेलो आसतो.

हौशीराम


वराळे
६ मे

दादा,

मला सगळं आठवतंय. सगळा वेळ मी स्टेजच्या कठड्याला पोट टेकून उभी होते. तुझ्या चिठ्ठ्या मी ठेवल्या आहेत. दोनदा गिरवूनही सेकंदाचा आकडा एकदाही गिचमिड आला नाही.

दोन घाटांची बोलावणी आली आहेत. ओंकारला फोन करून विचारतात, "बाई मोकळ्या आहेत का?" तुला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

सरू


तिकोणा पेठ
१८ जून

सरू,

निवडणूक झाली, निकाल लागला, तिसरंच सरकार आलं. आचारसंहिता उठली त्या दुपारीच अनघा मॅडमनं माझी डबी काढून दिली, नवा हुकूम यायच्या आत. म्हणली, आबा, हितंच घाला, मग परत मागता येत न्हाई.

पुरे दात हायेत. बोलणं पहिल्यागत झालं. गेल्या आठवड्यात एका घाटावर मला बोलवलं व्हतं, गेलो. चांगला बोललो, कुठं अडलो न्हाई. लोकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एक म्हातारा गाडामालक जवळ आला, पाया पडला आन म्हणला, "आबा, बाईंना का आणलं न्हाई?"

दोन दिवस मला त्याचा राग व्हता. तिसऱ्या दिवशी शेतात एकटाच हसायला लागलो. आपले आबा कधी माईकवर बोलले न्हाईत, मी माईकवर बोललो तवा ते खाली बसून रडले व्हते. मला वाटायचं, आनंदानं. आता कळतंय, त्यात थोडं दुसरं बी आसणार.

तू दोन्ही घाटांना व्हय म्हण. मी बाजीरावला सांगून दोन माईक मागवलेत. सुरुवात तू कर. तू दमलीस की मी घेईन. तू दमणार न्हाईस हे मला ठावं हाय, तरी दुसरा माईक आसू दे.

हौशीराम


वराळे
३० जून

दादा,

दोन माईक हवेतच. मी सुरुवात करीन, पण सेकंद तू सांगायचे. सेकंद सांगायला जो आवाज लागतो तो माझ्याकडं नाही.

काल नव्या सरकारचं पत्र आलं. आता ज्येष्ठ म्हणजे साठ. "आपणांस कळविण्यात आनंद होतो की आपण पुनश्च ज्येष्ठ झाला आहात." खाली लिहिलंय की ओळखपत्र, दाखले आणि फोटो घेऊन पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता शिबिराला हजर राहावं, न आल्यास ज्येष्ठत्व आपोआप रद्द समजण्यात येईल. जोश्यांनी खालून हाक मारून सांगितलं की बाकड्यावर जागा ठेवलीय.

पंधराला आपला सोमाटण्याच्या पलीकडचा घाट आहे. मी उलट टपाली कळवून टाकलं की सध्या जमणार नाही.

तू पहिल्या गाडीनं निघ. भाकरी मी घेते.

सरू